लाकडी पाय आणि अडीच शिलिंगांचं पुस्तक

१९०६ सालच्या सुमाराची गोष्ट. इंग्लंडच्या केंट परगण्यात सेव्हनओक्स वील्ड नावाचं एक खेडं आहे. तिथल्या गाड्यांची चाकं करणाऱ्या सुताराकडे एक तरुण लेखक कागदावर काढलेली आकृती घेऊन गेला. आकृतीतल्यासारखी लाकडी वस्तू बनवून हवी, एवढंच त्याने सांगितलं. ती कशासाठी, ते सांगितलं नाही. सुताराने वस्तू बनवून दिली. बिलात काय लिहावं हे न सुचल्यामुळे त्याने 'वेगळ्या धाटणीची क्रिकेटची बॅट' असं काहीसं लिहून पाच शिलिंग लावले, असं सांगतात.

ती बॅट नव्हती, माणसाचा पाय होता. जवळच्या एग पाय लेन नावाच्या गल्लीत दोन खोल्यांच्या झोपडीवजा घरात एक पस्तिशीचा माणूस नव्याने राहायला आला होता. त्याचा जुना लाकडी पाय मोडला होता, आणि आपला एक पाय खोटा आहे हे गावाला कळू नये असं त्याला वाटत होतं. आकृती काढणारा लेखक होता एडवर्ड थॉमस. पायाचा मालक होता विल्यम हेन्री डेव्हिस. आपल्याकडेही शाळेच्या इंग्रजी पुस्तकात अनेकांनी त्याची 'लेझर' (म्हणजे फुरसत) ही चौदा ओळींची कविता वाचलेली असते. गाईमेंढ्यांसारखं निवांत उभं राहून बघायला वेळच नसेल तर हे आयुष्य कसलं, असं विचारणारी. ती वाचताना मुलांच्या डोळ्यांपुढे एखादा सुखवस्तू, बागेत आरामखुर्ची टाकून बसलेला इंग्रज कवी येतो. माझ्याही आला होता. त्या कवितेमागे तुरुंग, दलदल, गुरांची जहाजं आणि रेल्वेचं चाक आहे, हे मला फार उशिरा कळलं. तेव्हापासून ती कविता मला पूर्वीसारखी वाचता आलेली नाही.

डेव्हिसचा जन्म १८७१ सालचा, वेल्सच्या आग्नेय टोकाला असलेल्या न्यूपोर्ट बंदरातला. तो स्वतः २० एप्रिल हा आपला वाढदिवस मानायचा. नोंद मात्र ३ जुलैची आहे. न्यूपोर्ट हे त्या काळी दऱ्याखोऱ्यांतला कोळसा आणि लोखंड जहाजांत भरून जगभर पाठवणारं गाव होतं. वडील लोखंडाचे साचे ओतणारे कामगार. मुलगा तीन वर्षांचा असताना ते वारले, आईने दुसरं लग्न केलं, आणि तिन्ही भावंडं आजीआजोबांकडे आली. आजोबा जहाजाचे निवृत्त कप्तान, मूळचे कॉर्नवॉलचे. पोर्टलँड स्ट्रीटवर त्यांचा 'चर्च हाऊस इन' नावाचा गुत्ता होता. मुलगा वाढला तो खलाशांच्या गप्पा, बिअरचा वास आणि धक्क्यावरच्या शिट्या यांच्यात.

पण गावाच्या वेशीबाहेर लगेच हिरवळ सुरू व्हायची. ऑल्ट-इर-इनची टेकडी, मॅल्पस, बॅसलेग, लॅनवर्न ही आसपासची खेडी पुढे त्याच्या कवितेत नावानिशी आली. तो वेल्श भाषेत लिहिणारा कवी नव्हता. त्याच्या भागात इंग्रजीच चालायची, आणि प्रौढपणाची बहुतेक वर्षं त्याने वेल्सबाहेर काढली. तरी आठवणीच्या ओढीने तो जेव्हा जेव्हा मागे वळला, तेव्हा त्याच्या ओळींत वेल्श गावांची नावं येत गेली. एखाद्या माणसाचं गाव कुठलं हे ठरवायला मला एवढं पुरेसं वाटतं.

शाळेत असताना तो पोरांच्या टोळक्याबरोबर दुकानांत चोऱ्या करू लागला आणि पकडला गेला. शिक्षा म्हणून बारा फटके बसले. मग चित्रांच्या चौकटी करणाऱ्याच्या हाताखाली उमेदवारी. ते काम त्याला कधी आवडलं नाही. वाचनाचं वेड मात्र याच काळात लागलं. आजी गेली तेव्हा तिने मागे ठेवलेल्या मालमत्तेतून नातवाला आठवड्याला दहा शिलिंगांच्या आसपास मिळत राहतील अशी सोय झाली. पैसे विश्वस्ताच्या हातातून येणार होते. ही रक्कम लक्षात ठेवायला हवी. सुखाने जगण्याइतकी ती नव्हती, पण पार बुडू न देण्याइतकी होती, आणि डेव्हिसचं पुढचं सगळं आयुष्य या दोन टोकांच्या मधल्या पट्टीत गेलं. १८९३ मध्ये त्याने त्यातलेच थोडे पैसे आगाऊ उचलले आणि बोटीने अमेरिका गाठली. वय बावीस.

अमेरिकेत काम मिळालं नाही, तशात गाठ पडली ब्रम नावाच्या एका भिकाऱ्याशी. भीक मागणं ही कला आहे, आणि फुकट मिळतं ते विकत घेणं हा कलेचा अपमान आहे, अशा निष्ठेने जगणारा तो माणूस. त्याच्याकडून डेव्हिस धावत्या मालगाडीवर चढायला शिकला, ब्रेकमनच्या नजरेतून निसटायला शिकला, कुठल्या दारात काय मागावं हेही शिकला. उन्हाळ्यात मळ्यांवर फळं आणि बेऱ्या तोडायच्या. हिवाळ्यात मिशिगन राज्यातल्या एखाद्या छोट्या गावात जाऊन आपणहून अटक करून घ्यायची. तिथल्या मार्शलला दर अटकेमागे आणि न्यायाधीशाला दर शिक्षेमागे पैसे मिळत. त्यामुळे सौदा उघड चाले: तीस दिवसांची कैद, ऊबदार कोठडी, तंबाखू, पत्ते. ती मुदत संपली की पुढच्या गावात पुन्हा तेच. कायदा आणि गरिबी एकमेकांना कसं सांभाळून घेतात, याचं इतकं थंड डोक्याने केलेलं वर्णन मी दुसरीकडे वाचलेलं नाही.

मधेच बाल्टिमोरहून लिव्हरपूलला जाणाऱ्या जहाजांवर गुरं सांभाळायची, म्हणजे पलीकडे जाण्याचा आणि परत येण्याचा प्रवास फुकट. शिकागोजवळच्या कालव्यावर मजुरी केली. दक्षिणेत हिवतापाने पछाडलं तेव्हा तो दलदलीच्या रानात एकटा पडून होता. दक्षिणेतच एका काळ्या माणसाला तुरुंगातून ओढून काढून जमावाने ठार मारताना त्याने पाहिलं. डेव्हिसला निसर्गाचा भोळा गायक म्हणणाऱ्यांनी हे पान आधी वाचावं. पाखरांकडे आणि ओढ्याकडे तो वळला तेव्हा त्याने माणसांचं जग पुरतं पाहिलं होतं, आणि तरीही तो तिकडे वळला.

पाच-सहा वर्षांनी तो घरी परतला. साठलेले पैसे हातात आले होते आणि लंडनला पुस्तकांचं दुकान टाकावं असा बेत मनात होता. दुकान राहिलं बाजूला. क्लोंडाइक नदीच्या मुलुखात सोनं सापडल्याच्या बातम्या त्याने वर्तमानपत्रात वाचल्या आणि कॅनडाची बोट पकडली.

२० मार्च १८९९. ओंटारिओ प्रांतातलं रेनफ्रू गाव. रात्रीच्या अंधारात डेव्हिस आणि त्याला वाटेत भेटलेला 'तीनबोट्या जॅक' स्टेशनाबाहेर गाडीची वाट पाहत होते. जॅक आधी चढला आणि पायरीवरच रेंगाळला. मागून धावणाऱ्या डेव्हिसला पाय ठेवायला जागा उरली नाही, गाडीने वेग घेतला. उडी मारून त्याने दांडा पकडला, पण तो फरफटत गेला. हात सुटला आणि तो रुळांशेजारी पडला. उठून उभं राहायला गेला तेव्हा कळलं, उजवं पाऊल चाकाखाली गेलं आहे. मदत येईपर्यंत आपण पाइप भरून ओढत बसलो, असं त्याने पुढे लिहिलं. दोन शस्त्रक्रिया झाल्या, आणि दुसरीत पाय गुडघ्याखालून कापावा लागला.

त्या परक्या गावातल्या लोकांनी या अनोळखी भटक्याची चौकशी केली, त्याच्यासाठी वस्तू पाठवल्या, निघताना निरोप दिला. डेव्हिस ते कधी विसरला नाही. सोन्याचा विचार संपला होता. मालगाड्या संपल्या होत्या. अंगमेहनतीची कामंही संपल्यात जमा होती. अंथरुणावर पडल्या पडल्या त्याने ठरवलं की आता डोक्याने जगायचं, म्हणजे कवी व्हायचं. लाकडी पाय, आठवड्याचे दहा शिलिंग आणि ज्यातली एक ओळही छापली गेलेली नव्हती असं कवित्व, एवढ्या भांडवलावर तो लंडनला आला.

पुढची सहा वर्षं मला त्याच्या आयुष्यातली सर्वांत मोठी वाटतात, कारण या काळात बाहेरून काहीच घडत नव्हतं. दक्षिण लंडनमधल्या गरिबांच्या लॉजिंग हाऊसमध्ये खाटेचं भाडं भरून तो राहायचा: आधी रौटन हाऊस, मग साल्व्हेशन आर्मीचं 'आर्क', मग मार्शलसी रोडवरचं 'फार्महाऊस'. तिथे लिहायला टेबल नसायचं, एकांत तर नाहीच. खाली सामाईक स्वयंपाकघर असे. एकाच विस्तवावर कुणी चहा उकळतंय, कुणी मासे भाजतंय, कुणी भांडतंय, कुणी पिऊन गातंय. कविता करतोय असं दिसलं तर टवाळी ठरलेली. म्हणून डेव्हिस कोपऱ्यात बसून डुलकी लागल्याचं सोंग करायचा आणि मिटल्या डोळ्यांआड ओळी जुळवायचा. सगळी कविता डोक्यात पक्की झाली की मग कागदावर.

प्रकाशक हस्तलिखितं परत पाठवत होते. एकदा त्याने पैसा पैसा जमवून काही छोट्या कविता छापून घेतल्या आणि दारोदार तीन पेन्सला विकायला निघाला. कुणी घेतल्या नाहीत. संतापून परत आला आणि सगळ्या प्रती एकेक करून जाळल्या.

मग त्याने विश्वस्ताकडे उचल मागितली. उत्तर आलं की काही महिने आपल्या वाट्याची रक्कम उचलू नकोस, ती साठू दे. त्यावर उरलेले पैसे आम्ही उसने देऊ. अट साधी होती, पण ते महिने जगायचं कशावर? डेव्हिस सुया, टाचण्या आणि बुटांच्या नाड्यांचं गाठोडं घेऊन रस्त्यावर उतरला. लाकडी पायाने इंग्लंडच्या गावांतून चालत राहिला. फेरीवाला म्हणून तो अगदीच कच्चा होता. विकायला तोंड उघडवत नसे. भिकाऱ्यांनीच त्याला वाटेत शिकवलं, तगवलं. पुस्तक छापता यावं म्हणून त्याने अशी उपाशीपोटी मैलोन् मैल चाल केली. चालताना दोन्ही बाजूंना कुंपणावरची फुलं होती, चंडोल होते, दवाने ओली झालेली कुरणं होती. त्याच्या निसर्गकवितेत दिसतं ते या मंद चालीने पाहिलेलं आहे. लाकडी पायाच्या माणसाला घाईने पुढे जाता येत नाही. थोडं चाललं की थांबावं लागतं.

१९०५ साली 'द सोल्स डिस्ट्रॉयर' हा संग्रह छापून झाला. अडीचशे प्रती, खर्च सुमारे एकोणीस पौंड. नावातला आत्म्याचा विनाश करणारा म्हणजे दारू. परीक्षणासाठी प्रती गेल्या, आणि एक-दोन कोमट अभिप्रायांपलीकडे काही आलं नाही. पुस्तकांचा गठ्ठा खाटेशेजारी पडून राहिला. निराशेच्या भरात हाही गठ्ठा जाळून टाकावा असं त्याच्या मनात येऊन गेलं. मग एक युक्ती सुचली. 'हूज हू' या नामवंतांच्या सूचीतून त्याने पत्ते निवडले आणि टपालाने एकेक प्रत पाठवली. सोबत चिठ्ठी: पुस्तक आवडलं तर किंमत म्हणून अडीच शिलिंग पाठवा, नाहीतर पुस्तक परत करा.

असंच एक पुडकं नाटककार बर्नार्ड शॉच्या घरी पोचलं. दक्षिण लंडनच्या दाट वस्तीत अजून एखादं शेतघर उभं आहे की काय, असा विचार पत्त्यातलं 'फार्महाऊस' वाचून शॉच्या मनात आला. पानं उलटल्यावर त्याला दिसलं की या माणसाने गेल्या शंभर वर्षांतली साहित्यातली कुठलीही फॅशन ऐकलेलीसुद्धा नाही, आणि हा खरा कवी आहे. त्याने किंमत पाठवली, वर आणखी प्रती विकत घेतल्या आणि त्या समीक्षकांकडे पाठवायला सुचवलं. पत्रकार सेंट जॉन ॲडकॉक याच्याकडेही एक प्रत गेली होती. तो फार्महाऊसवर येऊन डेव्हिसला भेटला आणि 'डेली मेल'मध्ये त्याने लेख लिहिला. लाकडी पायाचा भटक्या कवी निघाला, ही बातमी लंडनभर झाली. इतके दिवस धूळ खात पडलेला गठ्ठा भराभर संपला.

अशी प्रसिद्धी फार टिकत नाही. वर्षभरात लोकांचं कुतूहल ओसरलं असतं आणि डेव्हिस त्याच स्वयंपाकघरात म्हातारा झाला असता. तसं झालं नाही, ते एडवर्ड थॉमसमुळे. थॉमसचा जन्म लंडनचा, पण आईवडील वेल्श. मुलांची नावं त्याने मर्फिन आणि ब्रॉनवेन अशी वेल्शच ठेवली होती. वय सत्तावीस. निसर्गावरची गद्य पुस्तकं आणि वर्तमानपत्रातली परीक्षणं लिहून तो घर चालवायचा. आठवड्याला पुस्तकांची चळत संपवायची, कर्ज, आणि वरचेवर येणारे खिन्नतेचे झटके. असा माणूस दुसऱ्याला काय आधार देणार? पण त्याने 'डेली क्रॉनिकल'मध्ये डेव्हिसच्या पुस्तकाचं मनापासून स्वागत केलं, त्याला जाऊन भेटला, आणि आपण लिहिण्यासाठी भाड्याने घेतलेलं एग पाय लेनमधलं छोटं घर त्याला राहायला दिलं. भाडं स्वतः भरलं. कोळसा आणि दिवाबत्तीची सोय केली. पाय मोडला तेव्हा सुताराकडे गेला.

कोपऱ्यात डोळे मिटून कविता करणाऱ्या माणसाला पहिल्यांदाच स्वतःचं दार मिळालं. तिथे त्याने आठवणी लिहायला घेतल्या. 'द ऑटोबायोग्राफी ऑफ अ सुपर-ट्रॅम्प' १९०८ मध्ये शॉच्या प्रस्तावनेसह निघालं आणि आजही छापलं जातं. त्याचं गद्य फार साधं आहे. लिंचिंग, भूक, पाय तुटणं, सगळं एकाच सपाट, सभ्य आवाजात. दयेची याचना कुठेच नाही. भिकाऱ्यांत इतकी वर्षं राहूनही त्याने वाचकापुढे कधी हात पसरला नाही.

त्याच वर्षी 'नेचर पोएम्स अँड अदर्स' आलं, आणि १९११ मध्ये 'साँग्ज ऑफ जॉय अँड अदर्स'. 'लेझर' या दुसऱ्या संग्रहातली. सरकारने त्याच वर्षी त्याला वर्षाला पन्नास पौंडांचं साहित्यिक निवृत्तिवेतन मंजूर केलं. पुढे ते वाढत गेलं. 'लेझर'मधल्या सात यमकजोड्यांत एकही अवघड शब्द नाही. दिवसाउजेडी ताऱ्यांनी भरल्यासारखे चमकणारे ओढे आहेत, गवतात दाणे लपवणाऱ्या खारी आहेत. शाळेत मी ती फुरसतीची स्तुती म्हणून वाचली. आज तिच्यात तक्रार ऐकू येते. अशी नजर त्याला ज्या किमतीला मिळाली ती त्याने कवितेत कुठेच सांगितलेली नाही, पण ज्यांच्याकडे ती फुकट घेता येण्याइतकं सगळं आहे ते लोक मान वर न करता निघून जातात, हे त्याला सहन होत नाही.

डेव्हिसने सहाशेहून अधिक कविता लिहिल्या. त्यातल्या पुष्कळ विसरण्याजोग्या आहेत. तेच पाखरू, तोच मे महिना, तीच सरधोपट यमकं. समीक्षकांनी हे अनेकदा लिहिलं आहे आणि ते बरोबर आहे. पण खंड्या पक्ष्यावरची त्याची कविता घ्या. पक्ष्याच्या झगमगत्या रंगांचं कौतुक करता करता तो त्याला दरबारात, मोरांच्या संगतीत कल्पून पाहतो, आणि मग म्हणतो की नाही, तूही माझ्यासारखाच, तुला एकटं तळं आणि झाडाची सावली पुरे. एक भटक्या पक्ष्याशी बरोबरीच्या नात्याने बोलतो आहे. निसर्गाला गुरू किंवा देव न मानता सोबती मानणारी ही वृत्ती त्याची स्वतःची आहे, पुस्तकातून आलेली नाही.

थॉमसचं काय झालं, ते सांगितल्याशिवाय ही हकिगत पुरी होत नाही. दुसऱ्यांच्या कवितांवर आयुष्यभर लिहिणाऱ्या या माणसाने स्वतः कविता लिहायला सुरुवात केली ती १९१४ च्या डिसेंबरात, रॉबर्ट फ्रॉस्ट या अमेरिकन मित्राच्या आग्रहाने. पुढच्या दोन-सव्वादोन वर्षांत त्याने लिहिलेल्या कविता आज डेव्हिसच्या कवितांपेक्षा कितीतरी वरच्या मानल्या जातात. ९ एप्रिल १९१७ रोजी, ईस्टरच्या सोमवारी, फ्रान्समध्ये अरासच्या लढाईच्या पहिल्याच दिवशी तो मारला गेला. डेव्हिसने त्याच्यावर शोककविता लिहिली. तिच्यात दोघांनी मिळून केलेल्या पायपिटी आहेत, रानातली पाखरं आहेत, आणि पुन्हा बरोबर चालायला मिळणार नाही हे दुःख आहे.

डेव्हिस तेव्हा लंडनमधल्या ब्लूम्सबरीत राहायला आलेला होता. एपस्टाइनने त्याचं शिल्प केलं, ऑगस्टस जॉनने चित्र काढलं, मोठ्या घरांतून जेवणाची आमंत्रणं येत. त्याला ते फारसं मानवलं नाही. पन्नाशी उलटल्यावर, १९२३ मध्ये, त्याने आपल्याहून खूप तरुण मुलीशी लग्न केलं आणि दोघं शहर सोडून खेड्यात गेले. या लग्नाची हकिगत त्याने 'यंग एमा' म्हणून लिहिली, पण शॉने सल्ला दिल्यावर ती छापली नाही. पत्नीच्या निधनानंतर, १९८० मध्ये, ती बाहेर आली. १९२६ मध्ये वेल्स विद्यापीठाने त्याला मानद डॉक्टरेट दिली.

१९३८ च्या सप्टेंबरात न्यूपोर्टने आपल्या मुलाला घरी बोलावलं. ज्या गावात त्याने चोरीपायी बारा फटके खाल्ले होते, त्याच गावात आजोबांच्या चर्च हाऊस इनच्या भिंतीवर त्याच्या नावाची पाटी बसवली गेली. राजकवी जॉन मेसफिल्ड भाषणाला आले होते. डेव्हिस तेव्हा आजारी होता आणि तो परत गेला तो ग्लॉस्टरशरमधल्या नेल्सवर्थला. लंडनवर बॉम्ब पडत असताना, २६ सप्टेंबर १९४० रोजी, तो तिथल्या डोंगरउतारावरच्या आपल्या छोट्या घरात वारला. इंग्लंडच्या मातीत उभ्या असलेल्या त्या घराचं नाव होतं 'ग्लेनडॉवर', पाचशे वर्षांपूर्वी इंग्रजांविरुद्ध उठलेल्या वेल्श राजपुत्राचं.